कूलरच्या नियंत्रकाचं पेटंट : नागपुरातून अर्ज ते प्रमाणपत्र

ऑक्टोबर २०२४ मध्ये आमच्या कूलर-नियंत्रकाला, म्हणजे कूलरचा पंप कधी चालवायचा आणि कधी बंद करायचा हे ठरवणाऱ्या उपकरणाला, भारतीय पेटंट मिळालं. अर्जदार दोघं आहोत, मी आणि माझे सासरे. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. मामाजींचा पत्र्याचे कूलर बनवायचा जुना धंदा आहे. पेटंटच्या कायद्याशी आम्हा दोघांचाही कधी संबंध आला नव्हता. अर्ज चालू असताना मी मराठीत कुणाचा अनुभव वाचायला मिळतो का म्हणून खूप शोधलं. जे मिळालं ते सगळं 'पेटंट म्हणजे काय' इतपतच होतं. प्रत्यक्ष फॉर्म भरताना, आक्षेप आल्यावर, सुनावणीला बसताना काय होतं ते कुणी लिहिलेलं दिसलं नाही. म्हणून हे लिहितेय.

कल्पना काय होती ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. कूलर हवा थंड करतो ती पाण्याच्या बाष्पीभवनानं. कूलरच्या बाजूंना लावलेल्या ओल्या ताट्यांमधून जाणारी हवा किती थंड होऊ शकते याला एक मर्यादा असते : वेट बल्ब तापमान, म्हणजे फुग्याला ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर जे दाखवतो ते. मे महिन्यात बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ही मर्यादा २३ अंशांच्या आसपास येते. जुलैत हवा ३२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असली की मर्यादा २९ च्या घरात जाते. तेव्हा पंप चालवून हवा फारशी थंड होत नाही, खोली मात्र चिकट होते. आता, टाकीतलं पाणी ताट्यांवरून सतत फिरत राहिलं की काही वेळानं त्याचं स्वतःचं तापमान याच मर्यादेजवळ येऊन थांबतं. मामाजी टाकीत हात घालून "आज कूलर काम नाही करणार" हे कित्येक वर्षांपासून सांगत आले आहेत. ते नेमकं काय मोजतात हे माझ्या लक्षात आलं आणि तिथून सुरुवात झाली.

आमच्या नियंत्रकात तापमानाचे तीन सेन्सर आहेत. एक बाहेरच्या हवेत सावलीला, एक टाकीच्या पाण्यात, एक पंख्याच्या तोंडाशी. आर्द्रतेचा सेन्सर नाहीच, कारण आमच्या चाचण्यांत धूळ आणि पाण्याचे तुषार यांच्यापुढे तो टिकला नाही. हवा आणि पाणी यांच्यातला फरक कमी झाला की पंप बंद होतो, नुसता पंखा चालतो. फरक भरपूर असूनही तोंडाशी गरम हवा येत असेल तर ताट्यांवर क्षार साचलेत, असं सांगणारा दिवा लागतो. ४४ ची हवा २८ वर आली तर शक्य असलेल्या २१ अंशांपैकी १६ अंश पदरात पडले. तीच ३३ वर अडकली तर फक्त ११.

यात दोन अडचणी निघाल्या. पंप बंद केला की पाणी फिरायचं थांबतं आणि मग पाण्याचं तापमान वेट बल्बबद्दल काहीच सांगत नाही. दुसरी अडचण नागपूरकरांना सांगायला नको. दुपारी टाकी भरली की गच्चीवरच्या टाकीतलं तापलेलं पाणी येतं आणि आकडा एकदम वर उडी मारतो. पहिलीवर उपाय असा की पंप अधूनमधून थोडा वेळ चालवून पाण्याला 'विचारायचं'. दुसरीवर असा की पाण्याच्या तापमानाचा बदलण्याचा वेग ठरावीक पातळीखाली येईपर्यंत ते वाचन धरायचंच नाही. पेटंट शेवटी मिळालं ते या दोन उपायांमुळे.

चाचण्या २०२२ च्या उन्हाळ्यात घरच्याच कूलरवर केल्या. स्टीलच्या नळीतले, पाण्यात चालणारे डीएस१८बी२० सेन्सर नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून आणले, एकेक दीडशे रुपयांच्या आत मिळाला. त्यांची अचूकता अर्धा अंश इकडे किंवा तिकडे अशी असते. दोन सेन्सर विरुद्ध दिशेला चुकले तर फरकात एक अंशाची चूक येते, आणि पावसाळ्यात मुळात फरकच तीन अंशांचा असतो. म्हणून तिन्ही सेन्सर एकाच भांड्यात, बर्फाच्या पाण्यात आणि मग कोमट पाण्यात, एकत्र ठेवून एकमेकांशी जुळवून घेतले. मामाजींनी त्या उन्हाळ्यात नवतपा सरेपर्यंत वहीत दुपारचे आकडे लिहून ठेवले. ही वही पुढे फार कामाला आली.

एक गोष्ट आम्ही कटाक्षानं पाळली. अर्ज दाखल होईपर्यंत नियंत्रक कुणाला विकला नाही, प्रदर्शनात ठेवला नाही, व्हॉट्सअपच्या ग्रुपवर त्याचा व्हिडिओ टाकला नाही. कल्पना आधीच जाहीर झाली की तिचं नावीन्य जातं. त्याला अपवाद आहेत, पण ते फार अरुंद आहेत आणि त्यांच्या भरवशावर राहू नये. ओळखीच्या दुकानदारांना "अर्ज झाल्यावर दाखवते" एवढंच सांगा. लोक समजून घेतात.

नागपूरकरांसाठी एक खुलासा. सिव्हिल लाइन्समध्ये हिस्लॉप कॉलेज रोडवर बौद्धिक संपदेची सरकारी इमारत आहे. तिथे राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे आणि १९८० पासूनची पेटंट इन्फॉर्मेशन सिस्टीमही. पण अर्ज तिथे दाखल होत नाही. अर्ज घेणारी कार्यालयं चार : कोलकाता, दिल्ली, मुंबई, चेन्नई. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईकडे जातात आणि सगळं ऑनलाइन होतं, मुंबईतल्या अँटॉप हिलच्या कार्यालयात जायची गरज पडत नाही. नागपूरच्या संस्थेचा उपयोग प्रशिक्षणासाठी आहे. मी त्यांच्या एका कार्यक्रमाला बसले. दावा (क्लेम), म्हणजे आपण नेमका कशावर हक्क मागतोय ते सांगणारं वाक्य, कसा वाचायचा हे तिथे पहिल्यांदा कळलं, आणि माझ्या मते या सगळ्यात शिकण्यासारखी खरी गोष्ट तीच आहे.

मग शोध. गुगल पेटंट्स, युरोपीय कार्यालयाचं एस्पेसनेट आणि भारतीय कार्यालयाचं इनपास, तिन्ही फुकट आहेत. शब्दांनी शोधलं की हजारो निकाल येतात, म्हणून पेटंटांच्या विषयवार वर्गीकरणाच्या क्रमांकांनी शोधावं. तापमान मोजण्यासाठी जी०१के, तापमान नियंत्रणासाठी जी०५डी २३, वातानुकूलनाच्या नियंत्रणासाठी एफ२४एफ ११. संध्याकाळी मुलांच्या वह्या तपासून झाल्या की मी हे वाचत बसायचे. आर्द्रता मोजून पंप बंद करणारे कूलर पुष्कळ निघाले. ते पाहून पहिले काही दिवस धीर खचला होता.

या वाचनात काही जुनी पेटंटं सापडली आणि त्यांनी दिशा दिली. दोन धातूंची पट्टी तापल्यावर वाकते यावर अँड्र्यू युर यांनी १८३० मध्ये पेटंट घेतलं होतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या एका अध्यापक विद्यालयात शिकवणाऱ्या वॉरेन जॉन्सन यांचं पेटंट १८८३ चं आहे. वर्ग गरम झाला की गार हे बघायला शिपाई वर्गात यायचा आणि मग तळघरात जाऊन झडपा फिरवायचा. जॉन्सन यांच्या उपकरणानं वर्गातलं तापमान विजेच्या तारेवरून खाली कळवलं. मी स्वतः शिक्षिका असल्यामुळे असेल, पण हे वाचून फार जवळचं वाटलं. दोन्हीकडे पेटंट आहे ते तापमान कळल्यावर काहीतरी हलतं, वाकतं, वाजतं, उघडतं याचं. नुसता आकडा कळण्याचं नाही. तेव्हापासून मी आमच्या कागदावरचं प्रत्येक वाक्य याच कसोटीवर तपासलं : आकडा कळला, मग पुढे कूलरमध्ये काय घडलं?

ऑगस्ट २०२२ मध्ये प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज दाखल केला. यात दावे लिहावे लागत नाहीत, कल्पनेचं वर्णन पुरतं, आणि तुमची तारीख पक्की होते. तिथून बारा महिन्यांत कम्प्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे दाव्यांसह पूर्ण वर्णन, द्यावं लागतं, नाहीतर अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात. व्यक्ती म्हणून ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये. मोठ्या कंपन्यांना हीच ८,००० पडते. क्लास ३ ची डिजिटल सिग्नेचर लागते, मला ती दोन हजारांच्या आसपास मिळाली. भाषा इंग्रजी किंवा हिंदी, मराठी चालत नाही. शीर्षक १५ शब्दांच्या आत, सारांश १५० शब्दांच्या आत.

कॉलेजकडून मी आधीच लेखी घेऊन ठेवलं की हे काम त्यांच्या प्रयोगशाळेत किंवा नोकरीचा भाग म्हणून झालेलं नाही. नोकरदारांनी हे जरूर करावं. घरातल्या घरातही बोलून घ्यावं. दोन अर्जदार असले की दोघांचा हक्क समान असतो, आणि वेगळा करार नसेल तर एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय परवाना देता येत नाही किंवा आपला हिस्सा विकता येत नाही. मी हे मामाजींना समजावलं तेव्हा ते म्हणाले, "बाई, घरचंच हाय न, कागद कशाले?" तरी मी कागद केला. धंदा उद्या दिराकडे जाईल, तेव्हा सगळ्यांनाच सोपं पडेल.

कम्प्लीट स्पेसिफिकेशन जुलै २०२३ मध्ये गेलं. प्रोव्हिजनलनंतरच्या या दस्तऐवजाला वेगळी फी नाही, मात्र पानं ३० आणि दावे १० च्या आत ठेवायचे. वर गेलं तर पानामागे १६० आणि दाव्यामागे ३२० रुपये. वर्णन मी लिहिलं. दावे लिहायला मात्र एका पेटंट एजंटची मदत घेतली. पुढच्या उत्तरांसकट त्यांना पंचवीस हजार दिले. हे पैसे योग्य जागी गेले असं मला वाटतं. वर्णन तुम्हीच लिहा, तुमच्या यंत्राची खोड तुम्हालाच माहीत असते. दावा हे वेगळं कसब आहे.

वर्णनात काय घालायचं यावर थोडं सविस्तर सांगते. नंतर दावे अरुंद करता येतात, पण मूळ दस्तऐवजात नसलेली नवी गोष्ट घुसवता येत नाही. म्हणून मामाजींच्या वहीतले आकडे तक्त्यासह घातले. सेन्सर नेमके कुठे, टाकीच्या तळापासून किती उंच, पंप किती वेळ चालवायचा, वेगाची पातळी कमीजास्त केली तर काय होतं, ताट्या गवताच्या असल्या तर काय आणि हनीकोंबच्या असल्या तर काय, सगळं लिहिलं. एजंट म्हणाले की एवढं लोक लिहीत नाहीत. पुढे आम्हाला त्यातलीच दोन वाक्यं तारून गेली.

त्याच वेळी आणखी दोन फॉर्म भरले. एरवी अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. फॉर्म ९ आणि २,५०० रुपये भरले की साधारण महिन्याभरात होतो. दुसरा फॉर्म १८ए, म्हणजे लवकर तपासणीची विनंती, ८,००० रुपये. साध्या तपासणीला, फॉर्म १८ ला, ४,००० लागतात. लवकर तपासणी सगळ्यांना मिळत नाही. पण सगळे अर्जदार व्यक्ती असतील आणि त्यात एक जरी स्त्री असेल तर मिळते. घरगुती धंद्यात संशोधनाला हातभार लावणाऱ्या सुना, मुली, बायका असतातच, त्यांचं नाव अर्जावर यायला हवं. सवलतीसाठी खोटं नाव घालू नका, पण खरं नाव वगळूही नका. आणखी एक : तपासणीची विनंती आपण केल्याशिवाय अर्ज कुणी हातात घेत नाही. आधी त्यासाठी ४८ महिने असायचे, १५ मार्च २०२४ पासून दाखल झालेल्या अर्जांना ३१ महिनेच आहेत.

पेटंटचं जर्नल दर शुक्रवारी निघतं. ऑगस्टमध्ये आमचा अर्ज त्यात आला. घरात पेढे आले. आणि पाठोपाठ फोन व ईमेल सुरू झाले : तुमचं पेटंट परदेशात विकून देतो, पुरस्कार देतो, अमुक इतके भरा. अर्जातला पत्ता जर्नलमध्ये सगळ्यांना दिसतो, त्यातून हे होतं. सरकारी फी फक्त पोर्टलवर भरायची, बाकी कुणालाही एक रुपया द्यायचा नाही.

पहिला तपासणी अहवाल नोव्हेंबर २०२३ मध्ये आला. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये उघडला आणि हात गार पडले. नावीन्य मान्य होतं. पण दोन जुन्या दस्तऐवजांचा आधार देऊन म्हटलं होतं की यात कल्पकतेची पायरी (इन्व्हेंटिव्ह स्टेप) नाही, म्हणजे हे त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखं आहे. शिवाय पेटंट कायद्यातली, कशाला पेटंट मिळत नाही ते सांगणारी दोन कलमं. कलम ३(एफ) : ही माहीत असलेल्या साधनांची नुसती मांडणी आहे. कलम ३(के) : हा अल्गोरिदम, म्हणजे नुसती हिशेबाची रीत, आहे. आणि दाव्यांतल्या काही शब्दांबद्दल अस्पष्टतेचे आक्षेप. मामाजी चष्मा लावून ती पानं बघत म्हणाले, "एवढे ऑब्जेक्शन, म्हणजे नाहीच म्हणून राहिले का?" नाही म्हणत नव्हते. बहुतेक सगळ्या अर्जांना असा अहवाल येतो. पहिल्या दिवशी तो वाचून बाजूला ठेवा आणि दुसऱ्या दिवशी एकेका आक्षेपासमोर आपल्या वर्णनातलं पान लिहायला बसा. उत्तराला सहा महिने असतात, विनंती आणि फी देऊन आणखी तीन मिळू शकतात.

३(के) नं मला सर्वांत जास्त घाबरवलं होतं. तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८१ चा डायमंड विरुद्ध डिअर हा निकाल वाचला. रबर साच्यात किती वेळ ठेवायचं हे तापमानावरून रासायनिक क्रियेचा वेग सांगणाऱ्या आऱ्हेनियसच्या समीकरणानं काढता येतं, हे आधीपासून माहीत होतं. अडचण होती ती साच्याच्या आतलं खरं तापमान न कळण्याची. डिअर आणि लटन या संशोधकांनी ते सतत मोजलं, संगणकानं वेळ पुन्हा पुन्हा काढली आणि योग्य क्षणी दाबयंत्र उघडलं. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणालं की हे समीकरणाचं पेटंट नाही, रबर पक्कं करण्याच्या प्रक्रियेचं आहे. भारतात हा निकाल बंधनकारक नाही. पण आमचं उत्तर कसं बांधायचं ते त्यातून उमगलं. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१९ मध्ये फेरीद अल्लानी प्रकरणात सांगितलंय की बंदी निव्वळ संगणक प्रोग्रॅमवर आहे, तांत्रिक परिणाम असेल तर तो बघायला हवा. ते आम्ही उत्तरात घेतलं. सोबत तक्ता दिला : पंप कधी बंद झाला, तेव्हा हवा-पाण्याचं तापमान काय होतं, पाणी किती वाचलं. उत्तर मार्च २०२४ मध्ये गेलं.

मग शांतता. पोर्टलवर रोज स्थिती बघायची सवय लागते आणि त्यानं जिवाला त्रास होतो. मी आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, असं ठरवून घेतलं.

सुनावणीची नोटीस जुलैत आली आणि ऑगस्टमध्ये व्हिडिओवर सुनावणी झाली. तिला फी नाही. एजंट बोलणार होते, पण संशोधकांनी हजर राहावं असं मला वाटलं आणि ते बरं झालं. सुनावणी घेणाऱ्या पेटंट कार्यालयाच्या अधिकाऱ्यांनी सरळ विचारलं की फिरतं पाणी वेट बल्बजवळ जातं हे पुस्तकातच आहे, मग तुमचं काय? मी म्हटलं, सर, ते आमचं नाहीच. पाणी कधी खरं सांगतंय आणि कधी नाही हे ओळखणं आणि त्यानुसार पंप चालवणं, हे आमचं आहे. मग गच्चीवरच्या टाकीच्या तापलेल्या पाण्याचा आलेख दाखवला. उल्लेख केलेल्या दोन्ही दस्तऐवजांत टाकी भरल्यावर काय करायचं याबद्दल अक्षर नव्हतं. त्यांनी सुचवलं की या दोन्ही गोष्टी पहिल्या दाव्यातच घ्या. त्या आमच्या वर्णनात जुलै २०२३ पासून लिहिलेल्या होत्या, म्हणून घेता आल्या. दावा अरुंद झाला. मला थोडं वाईट वाटलं, पण जे उरलं ते खरोखर आमचं होतं. लेखी म्हणणं द्यायला सुनावणीनंतर पंधरा दिवस असतात, आम्ही त्या आधीच दिलं.

ऑक्टोबरात प्रमाणपत्र ऑनलाइन आलं. मामाजींनी ते छापून दुकानात लावलं आहे.

सरकारी फी एकूण १२,९०० रुपये झाली. त्यात तिसऱ्या वर्षाच्या नूतनीकरणाचे, म्हणजे पेटंट चालू ठेवण्याच्या वार्षिक फीचे, ८०० आहेत. पेटंट दाखल तारखेपासून दोन वर्षांनंतर मंजूर झालं तर साचलेली नूतनीकरणाची फी पेटंटची नोंद झाल्यापासून तीन महिन्यांत भरावी लागते, आणि हे अनेकांच्या नजरेतून सुटतं. सहाव्या वर्षापर्यंत ८००, सात ते दहा २,४००, अकरा ते पंधरा ४,८००, पुढे विसाव्यापर्यंत ८,००० दर वर्षी. पेटंटची वीस वर्षांची मुदत दाखल तारखेपासून मोजतात, आमची ऑगस्ट २०२२ पासून. मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्ष कुणीही हितसंबंधी विरोध नोंदवू शकतो.

फॉर्म २७ हा पेटंट प्रत्यक्ष वापरात आहे का याचा तपशील. तो आता तीन आर्थिक वर्षांतून एकदा द्यायचा असतो, आमचा पहिला सप्टेंबर २०२८ पर्यंत. त्यासाठी विक्रीची बिलं वेगळ्या फाइलमध्ये ठेवायला घेतली आहेत. आणि वस्तूवर नुसतं 'पेटंटेड' छापू नका, क्रमांकही छापा. क्रमांक नसेल तर नक्कल करणारा "मला माहीत नव्हतं" म्हणून नुकसानभरपाईतून सुटू शकतो. आमच्या यंदाच्या कूलरांवर पंप-स्विचच्या खाली तो क्रमांक आहे.

कुणाच्या हातात पहिला तपासणी अहवाल असेल आणि काही कळत नसेल तर मला विचारा. दावे लिहून देता येणार नाहीत, पण कुठला आक्षेप आधी वाचायचा ते नक्की सांगेन.